देवगिरीची यादी आणि लॅटिन गाणं

देवगिरीच्या यादव दरबारात सिंघण राजाच्या कारकिर्दीत, म्हणजे इ. स. 1210 ते 1247 च्या सुमारास, शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी राज्याचे हिशेब सांभाळत होता. त्याचे आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आलेले, घराण्यात वैद्यकी चालत आलेली, वडील सोढल यादवांच्या पदरी रुजलेले. या हिशेबनिसानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नर्तन असे सात अध्याय. आज हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही पद्धतींचे गाणारे-वाजवणारे ज्या ग्रंथाला आपला पूर्वज मानतात, तो आपण दौलताबाद म्हणतो त्या डोंगराच्या पायथ्याशी लिहिला गेला.

त्यातल्या रागाध्यायात 264 रागांची गणती आहे. त्यातले 178 जुन्या शास्त्रातले: ग्रामराग, उपराग, भाषा, विभाषा वगैरे. उरलेले 86 देशी. आणि इथं शार्ङ्गदेव एक फार सुंदर गोष्ट करतो. त्या 86 चे तो दोन भाग पाडतो. 34 राग 'पूर्वप्रसिद्ध', पूर्वी गाजलेले. 52 राग 'अधुनाप्रसिद्ध', सध्या गाजत असलेले. जवळपास आठशे वर्षांपूर्वी संस्कृतात शास्त्रग्रंथ लिहिणारा माणूस 'सध्या लोक काय ऐकतात' याची वेगळी यादी ठेवतो, हे मला आजही थक्क करतं. मागची बाकी एका बाजूला, चालू खातं एका बाजूला. हिशेबात मुरलेल्या हातालाच हे सुचावं.

या चालू यादीतली नावं पाहा. महाराष्ट्र गुर्जरी, सौराष्ट्र गुर्जरी, द्राविडी गुर्जरी. कौंतली वराटी, सैंधवी वराटी. कर्णाट गौड, तुरुष्क गौड, तुरुष्क तोडी. नाव वाचताच गाव कळतं. सौराष्ट्र, सिंध, कुंतल, द्रविड, कर्नाटक, आणि 'तुरुष्क' म्हणजे तुर्क. अलाउद्दीन खलजीची फौज देवगिरीखाली यायला अजून अर्धशतक होतं, आणि तुर्कांच्या वळणाची तोडी देवगिरीच्या चालू यादीत येऊन बसलीसुद्धा होती. गाणं सैन्याच्या आधी पोहोचलं होतं. भैरवी, मल्हार ही नावंही याच यादीत भेटतात. त्यांचे स्वर तेव्हा आजच्यासारखे नव्हते, पण नावं टिकली.

हल्ली तरुण मुलं विचारतात की लॅटिन अमेरिकेतलं नवं, वेगळ्या वाटेचं संगीत ऐकायचंय, सुरुवात कुठून करू. आपल्याकडे लॅटिन म्हटलं की साल्सा आठवतो, फार तर 2017 साली लग्नाच्या वरातींपर्यंत पोहोचलेलं 'देस्पासितो'. मेक्सिकोपासून चिलीपर्यंत पसरलेल्या वीस देशांत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत रॉक, हिप-हॉप, इलेक्ट्रॉनिक आणि गावोगावच्या लोकगीतांनी मिळून जे घडवलंय, त्याचा आपल्याला पत्ताच नसतो. त्या पसाऱ्यात शिरायला मला शार्ङ्गदेवाची रीत सर्वांत कामाची वाटते. चालू काय आहे ते आधी नोंदवा, त्याचं गाव विचारा, आणि त्याला जुन्याच्या शेजारी मानानं बसवा. प्रकारांच्या चिठ्ठ्यांवरून, म्हणजे रॉक की पॉप यावरून शोधायला गेलात तर हाती फार काही लागत नाही. गावावरून शोधलंत तर लागतं.

शार्ङ्गदेवाच्या आधीपासून शास्त्रकार संगीताचे दोन भाग मानत: मार्ग आणि देशी. मार्ग म्हणजे नियमानं बांधलेलं, देवांपुढे गायचं. देशी म्हणजे त्या त्या प्रदेशातल्या लोकांना आपल्या आवडीनं जे गोड लागतं ते. शार्ङ्गदेवाच्या काळापर्यंत मार्ग संगीत बरंचसं पोथीत उरलं होतं. त्यानं ते आदरानं लिहून ठेवलं, पण ग्रंथाचा जीव देशीत आहे. प्रबंधाध्यायात तो चर्चरी, धवल, मंगल, ढोल्लरी यांच्यासोबत ओवीलाही जागा देतो. तीच आपली ओवी. त्याच्या शंभर वर्षं आधी, 1130 च्या आसपास, चालुक्य राजा सोमेश्वरानं 'मानसोल्लासा'त नोंदवलं होतं की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी म्हणतात. उखळ-मुसळाच्या घावांवर चालणारं बायकांचं गाणं दोन राजदरबारांच्या संस्कृत ग्रंथांत प्रबंधांच्या रांगेत बसलं. ज्ञानेश्वरांनी 1290 साली ओवीत ग्रंथ सांगितला, तेव्हा ती चाल घरोघर मुरलेली होती.

वाद्याध्यायाचंही तसंच. वीणांचं वर्णन आहेच, पण चामड्याच्या वाद्यांची यादी वाचताना जत्रेत उभं असल्यासारखं वाटतं: पटह, मर्दल, हुडुक्का, करटा, ढवस, ढक्का, डमरू, झल्लरी, दुंदुभी, भेरी. प्रत्येकाची लांबी-रुंदी, तोंडाचा व्यास, कातडं कसं ताणायचं, बोल कोणते. वाऱ्याच्या वाद्यांत बासरीबरोबर शिंगही आहे. वृंदाचा हिशेब तर अगदी काटेकोर. उत्तम वृंदात मुख्य गायक चार, त्यांना साथ देणारे आठ, गायिका बारा, बासरीवाले चार, मृदंगवाले चार. एकूण बत्तीस माणसं.

स्वरांमधली बारीक अंतरं, म्हणजे श्रुती, कानाला पटवून देण्यासाठी त्यानं सांगितलेला प्रयोग आजही करून पाहता येतो. दोन वीणा घ्यायच्या, प्रत्येकीला बावीस तारा. पहिली तार जितकी खाली लावता येईल तितकी लावायची. दुसरी तिच्याहून किंचित वर, इतकी किंचित की दोहोंच्या मध्ये तिसरा नाद मावू नये. अशा बावीस तारा चढत्या. मग एक वीणा तशीच ठेवायची, ती ध्रुव. दुसरीच्या तारा पायरीपायरीनं उतरवायच्या, ती चल. चार पायऱ्यांत चल वीणेचे स्वर ध्रुव वीणेच्या कोणत्या स्वरांना जाऊन मिळतात हे ऐकायचं. अंतर हे असं ऐकून, शेजारी ठेवून कळतं. एका संगीताची दुसऱ्याशी ओळख करून घेतानाही मी हेच करतो. आपली वीणा जागची हलवायची नाही आणि दुसरी तिच्याशेजारी लावून बघायची.

तालाध्यायात 120 देशी ताल आहेत. द्रुत, लघु, गुरू, प्लुत अशा मापांनी प्रत्येक ताल लिहिलेला. यातल्या बहुतेकांना आपल्या मैफलींत आज कोणी हात लावत नाही. पण ते वाजले, आणि कुठं वाजले ते ऐकण्यासारखं आहे. फ्रान्समध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी आल्बेर लाविन्याक यांनी एक मोठा संगीतकोश सुरू केला. त्यात जोआनी ग्रोसे यांनी भारतीय संगीतावर लिहिताना शार्ङ्गदेवाचे 120 देशी ताल दिले. ती यादी ओलिव्हिए मेसियां या तरुण फ्रेंच संगीतकाराच्या हाती पडली आणि ती त्याच्या लेखणीला कायमची चिकटली. 1940 मध्ये तो जर्मनांच्या कैदेत सापडला. गोर्लित्झच्या युद्धकैद्यांच्या छावणीत त्याला व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि चेलो वाजवणारे तीन कैदी भेटले. त्यांच्यासाठी आणि स्वतःच्या पियानोसाठी त्यानं एक चतुष्टय लिहिलं, आणि 15 जानेवारी 1941 रोजी कडाक्याच्या थंडीत कैद्यांपुढे आणि पहारेकऱ्यांपुढे ते वाजलं. त्याच्या पहिल्या भागात पियानोची लय रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या तीन देशी तालांची एकापुढे एक जोडून केलेली आहे. लयीचे घाव 17, त्यावर फिरणारे स्वरगुच्छ 29. दोन्ही आकडे एकमेकांना भाग न देणारे, त्यामुळे दोन्ही चक्रं पुन्हा एकाच जागी यायच्या आधीच तो भाग संपून जातो. देवगिरीत लिहिलेले ताल सातशे वर्षांनी एका छावणीत, बर्फात, कैद्यांनी ऐकले. शास्त्रानं आपल्या काळातल्या चालू गाण्याला जागा दिली की ते कुठवर जाऊ शकतं, याचं याहून बोलकं उदाहरण मला ठाऊक नाही. शार्ङ्गदेवाच्या नावानं आपल्या छत्रपती संभाजीनगरात महागामी गुरुकुल शार्ङ्गदेव समारोह भरवतं. त्या समारोहाबरोबर मेसियांचा हा भागही एकदा ऐकून घ्यावा.

देवगिरीचं दौलताबाद झालं तरी गावाचा कान शाबूत राहिला. मुहम्मद तुघलकानं 1327 च्या सुमारास राजधानी इथं आणली, आणि 1342 च्या आसपास मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इथून गेला. त्यानं इथल्या द्राक्षा-डाळिंबांचं कौतुक केलं, आणि गाणाऱ्यांच्या एका बाजाराचं वर्णन करून ठेवलं. बाजाराचं नाव तरबाबाद. दुकानांची मोठी रांग, प्रत्येक दुकानाला मागून घरात उघडणारं दार. दुकानात गालिचे अंथरलेले आणि मधोमध एक मोठा सजवलेला झोपाळा, त्यावर गायिका बसलेली किंवा पहुडलेली. बाजाराच्या मध्यभागी घुमटाची एक प्रशस्त वास्तू. दर गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर गवयांचा प्रमुख तिथं येऊन बसे. गायिकांचे ताफे एकामागून एक येत, सूर्यास्तापर्यंत गाणं-नाचणं चाले, मग तो उठून जाई. त्याच बाजारात मशिदी होत्या, आणि रमजानात तिथं तरावीहची नमाज होई. एक हिंदू राजा या बाजारावरून जाताना घुमटापाशी थांबून गाणं ऐकत असे आणि एका मुस्लिम सुलतानानंही तसंच केलं, असंही इब्न बतूता सांगतो.

घाट चढून वर गेलं की खुलताबाद. तिथं निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे. ते 1337 मध्ये वारले. समा म्हणजे सूफी गाण्याची मैफल त्यांना इतकी प्रिय होती की त्यांच्या समातल्या नृत्याची खास पद्धत त्यांच्याच नावानं ओळखली जाई. अमीर खुस्रोंचा मित्र, कवी अमीर हसन सिजझी हाही खुलताबादलाच विसावला. खुस्रोंनी देवगिरीच्या गोपाल नायकाचं गाणं तख्ताखाली लपून ऐकलं आणि मग तसंच गाऊन दाखवलं, ही दंतकथा सगळ्यांना माहीत असते. ती घडली की नाही हा प्रश्न बाजूला ठेवू. परक्याचं गाणं अनेक रात्री चोरून ऐकावं लागलं तरी ऐकायचं, ही ओढ त्या कथेनं जपली. तीही देवगिरीचं नाव घेऊन.

आता लॅटिनकडे येताना वाटेत मुंबई लागते आणि मुंबईच्या आधी गोवा. 1510 पासून साडेचारशे वर्षं पोर्तुगीज राजवट असलेल्या गोव्यात गावोगावच्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. विसाव्या शतकात पोटापाण्यासाठी ही मुलं मुंबईत आली. दिवसा फिल्म स्टुडिओत आणि रात्री हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवू लागली. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ म्हणजे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट त्यांतलाच. त्याच वेळी पुणतांब्याचा रामचंद्र चितळकर म्हणजे सी. रामचंद्र हिंदी चित्रपटांच्या चाली बांधत होता. जगातून येणाऱ्या तबकड्या त्याच्या कानावर पडत होत्या, आणि त्यांतल्या तालांवर वाजवू शकणारी माणसं त्याच्या हाताशी होती. 'समाधी' (1950) मधलं त्याचं एक गाजलेलं गाणं लंडनचे बँडमास्टर एडमंडो रॉस यांच्या पोर्तो रिकोवरच्या गाण्यावर बेतलेलं होतं. 'अलबेला' (1951) मध्ये तर बोंगो, मराकास आणि ट्रंपेट यांनी धमाल उडवली. चिक चॉकलेट पडद्यावरही आपल्या बँडसह दिसतो. कावस लॉर्ड यांच्यासारख्या तालवादकांनी ही लॅटिन वाद्यं मुंबईच्या स्टुडिओत रुळवली. त्यांवर नाचणारा भगवानदादा गिरणगावातला मराठी माणूस. म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या पायांनी क्यूबाची लय केव्हाच ओळखली होती. सी. रामचंद्रांच्या कामाला 'पाश्चात्य नक्कल' म्हणून हिणवणारे तेव्हाही होते. मला ते अन्यायाचं वाटतं. त्यांनी चालू गाण्याला आपल्या यादीत घेतलं, तेही मराठी भावगीताचा गोडवा न सोडता.

क्यूबाची ती लय एकदा हातानं समजून घ्यावी, कारण पुढचं सारं तिच्यावर उभं आहे. दोन जाड लाकडी कांड्या एकमेकींवर आपटतात, त्यांना आणि त्या लयीला क्लावे म्हणतात. तीनतालासारख्या सोळा मात्रा मोजा, सारख्या वेगानं. पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी द्या. पाचच टाळ्या. पहिल्या तिघी पुढे ढकलत नेतात, शेवटच्या दोघी सावरतात. तीनतालाच्या टाळ्या पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, म्हणजे दोन जागा जुळतात. म्हणूनच आपल्या कानाला ही लय परकी वाटत नाही, फक्त मधे कुणीतरी हात ओढतंय असं वाटतं. आता शेवटची टाळी तेराव्याऐवजी चौदाव्या मात्रेवर द्या. झाली ब्राझीलची बोसा नोव्हा. एका मात्रेनं देश बदलतो. ही लय पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी सोबत नेली. तिच्यावर स्पेन-पोर्तुगालच्या गिटारी चढल्या, आणि डोंगरातल्या मूळ रहिवाशांच्या बासऱ्या शेजारी येऊन बसल्या. लॅटिन अमेरिकेतलं कोणतंही गाणं उकललं की हे तीन धागे कमीजास्त प्रमाणात सापडतात.

त्या खंडातही शार्ङ्गदेवासारखी माणसं झाली. चिलीची व्हियोलेता पारा (1917–1967) 1950 च्या दशकात गिटार घेऊन खेड्यापाड्यांतून हिंडली. म्हाताऱ्या गायक-गायिकांसमोर बसून तिनं गाणी उतरवून घेतली, आणि मग त्याच मुशीतून स्वतःची गाणी केली. तिच्यापासून पुढे 'नुएवा कान्सियोन' म्हणजे नव्या गाण्याची चळवळ उभी राहिली. ब्राझीलमध्ये 1968 साली काएतानो वेलोझो, झिल्बेर्तो झिल आणि त्यांच्या मित्रांनी 'त्रोपिकालिया' नावाचा अल्बम काढला. साम्बा, ईशान्येकडची लोकगीतं, विजेच्या गिटारी आणि बीटल्सचा प्रभाव त्यांनी बेधडक एकत्र केला. डाव्यांना तो विदेशी वाटला, लष्करी सरकारला धोकादायक. त्या वर्षाच्या अखेरीस झिल आणि वेलोझो तुरुंगात गेले, पुढं लंडनला हद्दपार झाले. हाच झिल 2003 ते 2008 ब्राझीलचा संस्कृतिमंत्री होता.

आज ज्याला 'पर्यायी लॅटिन' म्हणतात त्याचा पाया 1990 च्या दशकात पक्का झाला. तीन शहरांची तीन नावं सांगतो, आणि ती ओळीनं ऐकावीत असा माझा आग्रह आहे.

पहिलं मेक्सिको सिटीच्या उपनगरातलं: काफे ताकुबा. 1994 चा त्यांचा 'रे' हा अल्बम एका बैठकीत ऐकावा. बोलेरो, उत्तरेकडची अकॉर्डियनची गाणी, पंक, नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत, सगळं एकामागून एक येतं, आणि तरी गाणारी माणसं तीच आहेत हे कळत राहतं. त्याचा निर्माता अर्जेंटिनाचा गुस्तावो सान्ताओलाला. पुढं त्याला 'ब्रोकबॅक माउंटन' आणि 'बेबेल'साठी सलग दोन वर्षं ऑस्कर मिळालं. नवं काही शोधायचं असेल तर निर्मात्याचं नाव बघायची सवय लावा. एकाच्या कामाचा माग काढत गेलात की दहा गट सापडतात.

दुसरं बोगोटातलं: आतेर्सियोपेलादोस. आंद्रेया एचेव्हेरीचा जाड, सरळ आवाज आणि 1995 चा 'एल डोराडो'. तिसरं ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातलं, आणि माझ्या मते तिघांत सर्वांत धाडसी: शिको सायन्स आणि नासाँव झुम्बी. रेसिफे खाजणांचं शहर आहे. 1992 मध्ये तिथल्या तरुणांनी एक जाहीरनामा काढला, त्याचं नाव 'मेंदू असलेले खेकडे'. खाजणाच्या चिखलात रोवलेली आणि जगाकडे तोंड केलेली डिश अँटेना हे त्यांचं चिन्ह. दोन वर्षांनी आलेल्या पहिल्या अल्बममध्ये त्यांनी माराकातूचे मोठे ढोल आणले. काँगोच्या राजांच्या राज्याभिषेकाची आठवण जपणाऱ्या मिरवणुकांत हे ढोल खांद्याला अडकवून वाजवतात. त्यावर रॉकच्या गिटारी आणि रॅप. नाशिक ढोल ऐकत वाढलेल्या कोणाही मराठी माणसाला ते पहिल्या घावाला भिडतात. शिको सायन्स 1997 मध्ये मोटार अपघातात गेला, तिशीच्या उंबरठ्यावर. गट पुढं चालू राहिला.

कुंबिया हा प्रकार मात्र गावापासूनच ऐकावा. कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्याच्या आत सान हासिंतो नावाचं गाव आहे. तिथले वादक गाइता नावाच्या लांब बासऱ्या वाजवतात. निवडुंगाचं पोकळ खोड, वरच्या टोकाला मधमाशांचं मेण आणि कोळशाची पूड मळून केलेलं काळं डोकं, त्यात फुंकायला पिसाची नळी. दोन बासऱ्या जोडीनं वाजतात. एकीला मादी म्हणतात, ती चाल धरते. दुसरीला नर म्हणतात, त्याला छिद्रं मोजकीच. तो वाजवणारा दुसऱ्या हातानं खुळखुळा हलवतो. खाली आफ्रिकी घडणीचे ढोल. त्यातला सर्वांत छोटा यामादोर गाण्यात एकच काम करतो, उलट्या ठेक्यावर न चुकता घाव देतो. 'गाइतेरोस दे सान हासिंतो' या गटाला 2007 मध्ये लॅटिन ग्रॅमी मिळालं. आधी त्यांना ऐका आणि मग बोगोटाच्या बोंबा एस्तेरेओ या गटाकडे जा. गायिका ली साउमेतच्या आवाजाखाली संगणकाचे ठोके आहेत, पण उलटा घाव तोच. कुंबिया पेरूच्या अ‍ॅमेझॉनमध्ये गेली तेव्हा तिथल्या पोरांनी ती विजेच्या गिटारवर घेतली. लोस मिर्लोस हा त्यातला गट. मेक्सिकोतल्या माँतेरेयला ती अकॉर्डियनवर आली आणि सेल्सो पिन्यानं तिच्यात हिप-हॉपवाल्यांना सामील करून घेतलं. प्रत्येक वळणावर गाव बदलतं, घाव टिकतो. कौंतली वराटी, सैंधवी वराटी, द्राविडी वराटी अशी एकाच रागाची गावोगावची रूपं मांडणाऱ्या शार्ङ्गदेवाला ही कुंबियाची वाट समजावून सांगावी लागली नसती.

मेक्सिकोच्या वेराक्रूझ प्रांतात सोन हारोचो गातात. हाराना नावाची छोटी गिटार, वीणेसारखी हार्प, आणि लाकडी चौथऱ्यावर टाचांनी ताल धरून नाचणारी माणसं. त्याच प्रांतात वाढलेली नातालिया लाफुर्काद पॉप गाणी गात मोठी झाली आणि मग उलट्या दिशेनं घराकडे चालत गेली. 2017 च्या भूकंपात हाल्तिपान गावातलं सोन हारोचोचं दस्तऐवज केंद्र पडलं, तेव्हा ते पुन्हा उभारण्यासाठी तिनं 'उन कांतो पोर मेहिको' हा अल्बम केला. तो 2020 मध्ये आला. एका गायिकेचा लोकप्रिय अल्बम आणि एका गावाच्या संग्रहालयाच्या भिंती असं हे जोडून आहे. आपल्याकडे शाहिरीच्या, ओव्यांच्या ध्वनिफिती अनेक कपाटांत पडून आहेत. त्यांच्यासाठी एखाद्या लोकप्रिय गायिकेनं असं काही करावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

वेराक्रूझचीच सिल्वाना एस्त्रादा व्हेनेझुएलाचं चार तारांचं क्वात्रो घेऊन जवळपास एकटीच गाते. 2022 च्या लॅटिन ग्रॅमीत उत्तम नवोदिताचा मान तिला आणि आंजेला आल्वारेझ या 95 वर्षांच्या क्यूबन आजींना विभागून मिळाला. आणि पेरूच्या अयाकूचोतली रेनाता फ्लोरेस. ती केचुआ भाषेत रॅप करते. इंकांच्या काळापासून बोलली जाणारी, पण शहरात गेलेल्या मुलांनी बोलायला लाजावं अशी अवस्था झालेली ही भाषा. रेनातानं 2021 मध्ये 'इस्कुन' हा अल्बम काढला, त्यात वायनो या डोंगरातल्या लोकसंगीताची वळणं आणि ट्रॅपचे जड ठोके एकत्र नांदतात. अहिराणी, वऱ्हाडी, मराठवाडीत रॅप करणाऱ्या आपल्या मुलांनी तिला आवर्जून ऐकावं. बोलीचे उच्चार जराही गुळगुळीत न करता ती ठेक्यावर कशी बसवते, ते शिकण्यासारखं आहे.

नवी नावं कळायच्या जागाही सांगून ठेवतो. अमेरिकेतल्या सार्वजनिक रेडिओचा 'आल्ट लॅटिनो' हा कार्यक्रम 2010 पासून याच विषयाला वाहिलेला आहे. सिएटलच्या केईएक्सपी रेडिओनं स्टुडिओत बोलावून चित्रित केलेल्या गटांचे व्हिडिओ फुकट पाहायला मिळतात. लॅटिन ग्रॅमीत पर्यायी संगीताचा वेगळा विभाग आहे, त्याची दरवर्षीची नामांकनं चाळावीत. मोबाइलमधलं अ‍ॅप आपोआप पुढचं गाणं लावतं, त्यावर मात्र फार विसंबू नये. तुम्ही काल ऐकलं त्याच्याच जातीचं ते आज वाढतं, आणि माराकातू ऐकणाऱ्याला वायनोपर्यंत कधी नेत नाही. त्यापेक्षा एखादं गाणं आवडलं की तीन गोष्टी वहीत लिहा: गाणारा कोणत्या गावचा, खालचं वाद्य कोणतं, आणि त्या गावात हे वाद्य आधी कोणत्या प्रसंगी वाजत होतं. तिसऱ्याचं उत्तर शोधताना तुम्ही मिरवणुकीत, लग्नात, खाजणात, खाणीत जाऊन पोहोचता आणि तिथं आणखी चार गाणी भेटतात.

अशी वही ठेवणाऱ्यानं गोव्याच्या सोनिया शिरसाट यांचं फादो गायन पहिल्याच पानावर लिहावं. लिस्बनच्या गल्ल्यांतलं गाणं पोर्तुगीज बारा तारांच्या गिटारीवर गाणारी ही गायिका फोंड्याकडची आहे, आणि तिची मैफल ऐकायला दौलताबादहून रात्रीच्या बसनं निघालं तर दुसऱ्या दिवशी पोहोचता येतं.